सुलट तेच उलट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली होती. आठवीतली. शाळेत नुकतंच पायथन सुरू झालेलं आणि सुट्टीचा अभ्यास असा: शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो का, हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम लिहा. इंग्रजी शब्दांवर तो बिनचूक चालला. मग तिनं हौसेनं मराठी शब्द घातले. ‘नमन’ला होकार आला. ‘रबर’ला होकार आला. ‘नवीन’ला मात्र नकार, आणि खाली उलटा केलेला शब्द: ‘नीवन’.

“मामा, न-वी-न. उलट वाचलं तरी न-वी-नच ना रे?”

मी ‘समास’ घालायला सांगितलं. ‘सामस’ आलं. ‘जहाज’चं ‘जाहज’ झालं. ‘मध्यम’चं ‘मय्धम’ असं काहीतरी झालं, जे उच्चारताना जिभेला गाठ बसते. ‘सामोसा’ घातल्यावर तर पडद्यावर आधी एक ठिपक्यांचं वर्तुळ आलं आणि त्याला लटकलेला एकटा काना. मग तिनं सहज ‘लाल’ लिहिलं, आणि त्याला होकार आला.

आई शेजारीच परातीत कणिक मळत होती. ती म्हणाली, “लालचं उलट लला. लाल कसं होईल? तुझ्या यंत्राला अक्षर कळत नाही गं.” आणि पिठाच्या बोटांच्या पेरांवर तिनं मोजून दाखवलं: पहिल्या पेरावर ला, दुसऱ्यावर ल, उलट यायचं तर ल आधी, ला मागून. मग हातातल्या गोळ्याकडे बघून म्हणाली, “कणिक घाल बरं.” क-णि-क. यंत्रानं ‘किणक’ करून नकार दिला. आईनं मान हलवली आणि पुन्हा मळायला लागली.

आईचं म्हणणं मला पूर्ण पटलं, आणि त्या संध्याकाळपासून हा विषय डोक्यातून गेला नाही. उलट वाचायचं म्हणजे नेमकं काय उलटवायचं? यंत्र ‘नवीन’चे चार तुकडे करतं: न, व, वेलांटी, न. कारण संगणकातली देवनागरी, म्हणजे युनिकोडमधली, तशीच साठवलेली असते. व्यंजन वेगळं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. आई तीनच तुकडे करते. आणि मराठी बोलणारा कोणीही माणूस, त्यानं शाळेचं तोंड पाहिलेलं असो वा नसो, तीनच तुकडे करतो. शब्द फोडून सांग म्हटलं की आपण अक्षर सांगतो. काना आणि वेलांटी सुटी कधी उच्चारतच नाही. सुट्या कान्याला उच्चार कुठला असणार?

अशा शब्दांना मराठीत विलोमपद म्हणतात. लोम म्हणजे अंगावरचा केस. केसांच्या कलानं हात फिरवणं ते अनुलोम, कलाच्या विरुद्ध फिरवणं ते विलोम. प्राणायामामुळे ही जोडी घराघरात माहीत आहे. इंग्रजीतल्या ‘पॅलिंड्रोम’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधलं मागे धावत येणं आहे. मला आपला शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात स्पर्श आहे. घोड्याच्या मानेवरून किंवा मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस ताठ उभे राहतात. विलोमपद म्हणजे असं जनावर, ज्याच्या अंगावरून कुठूनही हात फिरवा, केस उभा राहत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. एक बोट पहिल्या अक्षरावर ठेवायचं, दुसरं शेवटच्या. दोन्हींखालचं अक्षर सारखं असेल तर दोन्ही बोटं एकेक घर आत. कुठे जुळलं नाही की तिथंच थांबायचं. बोटं एकाच अक्षरावर भेटली, तर शब्दाला मधला खांब आहे: ‘कडक’मध्ये ड, ‘नवजीवन’मध्ये जी. शेजारशेजारच्या दोन सारख्या अक्षरांवर येऊन थांबली, तर खांब नाही, नुसता सांधा आहे, जसा ‘सदा दास’मध्ये दा आणि दा यांचा. वाक्य असेल तर मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं जमेस धरायची नाहीत.

या नजरेनं पाहायला लागलं की भाषा जागोजाग आपणहून जुळलेली दिसते. काका, मामा, दादा, नाना, बाबा तर आहेतच. नयन, कनक, कथक, जलज आहेत. पण मला जास्त आवडतात ती व्याकरणानं घडवलेली. ‘ला’नं सुरू होणारं क्रियापद भूतकाळात गेलं की शेवटीही ‘ला’ येतो: लागला, लावला, लाजला. ‘वा’नं सुरू होणाऱ्या धातूचं आज्ञार्थी रूप पाहा: वाचवा, वाजवा, वाढवा, वाळवा. ‘च’ हे अव्यय तर मधल्या खांबासाठीच घडवल्यासारखं: तोच तो, तीच ती, तेच ते. दारात उभं राहून कोणी म्हणतं, “अधूनमधून येत ये,” त्यातही शेवटचे दोन शब्द पाहा. यातलं काहीच कोणी मुद्दाम केलेलं नाही.

हे भाषेभाषेनं आणि लिपीलिपीनं बदलतं. नितीन हे नाव रोमन लिपीत दोन्हीकडून सारखं. देवनागरीत नि-ती-न, त्यामुळे नाही. केरळच्या भाषेचं नाव रोमन अक्षरांत विलोम, ‘मलयालम’ असं लिहिलं तर देवनागरीतही विलोम. पण त्या भाषेच्या स्वतःच्या लिपीत मधला ल वेगळा, पुढचा ळ वेगळा आणि शेवटी अनुस्वार, त्यामुळे तिथं नाही. आपण मराठीत रूढपणे ‘मल्याळम’ लिहितो, तेव्हा तर प्रश्नच मिटला.

आता ती वाक्यं, जी प्रत्येक मराठी मुलाला कोणीतरी मोठ्या माणसानं, बहुधा दिवे गेलेले असताना किंवा गाडीच्या लांबच्या प्रवासात, शिकवलेली असतात. ‘रामाला भाला मारा.’ ‘टेप आणा आपटे.’ ‘ती होडी जाडी होती.’ ‘हाच तो चहा.’ ‘चिमा काय कामाची.’ ‘भाऊ तळ्यात ऊभा.’ ‘तो कवी डालडा विकतो.’ कोणी रचली, कधी रचली, याची कुठे नोंद नाही. ती तोंडातोंडी आली. पेरांवर मोजून पाहिली तर पहिली चार अगदी काटेकोर आहेत. पुढची तीन डोळ्याला खुपतात, कानाला नाही.

‘चिमा’मधला चि ऱ्हस्व आहे आणि ‘कामाची’तला ची दीर्घ. याला रचणारा दोषी नाही, लेखनाचा नियम कारण आहे. मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनानं १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा; आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार बहुधा ऱ्हस्व. म्हणजे जो इकार वाक्याच्या एका बाजूला शब्दाच्या टोकाशी आणि दुसऱ्या बाजूला शब्दाच्या पोटात पडेल, तिथं विलोम फुटलाच. ‘ती होडी जाडी होती’ का टिकतं, हेही यातच आहे. त्यातल्या चारही वेलांट्या शब्दांच्या टोकाला आहेत.

‘तळ्यात ऊभा’मध्ये जुळवणाऱ्यानं ‘उभा’ला दीर्घ करून टाकलं आहे, परीक्षेत त्याचा गुण गेला असता. पण सगळ्यांत मजेची गोष्ट डालडावाल्या कवीची. आज आपण ‘कवी’ लिहितो. १९६२ च्या आधी संस्कृतातून आलेले असे शब्द मराठीत मुळाप्रमाणे ऱ्हस्व लिहिले जात: कवि, हरि, गुरु. ‘तो कवि डालडा विकतो’ असं लिहा आणि बोटं फिरवा. तो-क-वि-डा-ल-डा-वि-क-तो. एकही केस उभा राहत नाही. डालडा बाजारात आला १९३० च्या दशकात. त्या वेळेपासून १९६२ पर्यंत हे वाक्य लेखनाच्या दृष्टीनंही निर्दोष होतं. नियम बदलला आणि वाक्यात खडा आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांवर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले, पण या कवीची बाजू कोणी मांडलेली माझ्या वाचनात नाही, म्हणून इथं मांडतो.

आणखी मागे गेलं की मोडी लागते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात या लिपीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. मोडी लिहिणारा आधी ओळीभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जाई. शब्दाशब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती. विरामचिन्हं नव्हती. आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता: वेलांटी एकाच तऱ्हेची, उकार एकाच तऱ्हेचा. विलोमवाक्य वाचताना आपण ज्या दोन गोष्टी मनातल्या मनात पुसतो, शब्दांमधली जागा आणि वेलांटीची लांबी, त्या दोन्ही मोडीत मुळातच नव्हत्या. ‘चिमाकायकामाची’ मोडीत लिहिलं तर ते नुसतं जवळपास जुळणारं राहत नाही, पक्कं विलोम होतं. शाळेतल्या बाई ‘ची दीर्घ आहे’ म्हणून या वाक्याला नापास करतील. मोडीतला कारकून करणार नाही.

ही सवलत मी माझ्या सोयीनं मागतो आहे असं नाही. संस्कृतच्या अलंकारशास्त्रानं ती रीतसर देऊन ठेवली आहे. वाग्भटासारखे शास्त्रकार सांगतात की यमकात, श्लेषात आणि चित्रकाव्यात ब आणि व यांच्यात, ड आणि ल यांच्यात भेद मानायचा नाही, आणि अनुस्वार-विसर्गामुळे चित्राचा भंग होत नाही. खेळ कठीण आहे हे ओळखून त्याची सीमारेषा आखलेली होती, आणि ती आखणाऱ्यानं कान जमेस धरला होता.

तो खेळ होताही विलक्षण कठीण. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’चा १५ वा सर्ग आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा १९ वा, दोन्ही लढाईचे. भारवी निदान इसवी सन ६३४ च्या आधीचा, कारण त्या सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात त्याचं नाव कालिदासाच्या जोडीनं येतं. तोच शिलालेख, ज्यात दुसऱ्या पुलकेशीच्या अमलाखालच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा उल्लेख आहे. या युद्धसर्गांत दोघांनीही ‘सर्वतोभद्र’ नावाचा श्लोक घातला. चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं, प्रत्येक चरण स्वतः विलोम. चारही चरण एकाखाली एक लिहायचे, मग तेच चार उलट क्रमानं खाली लिहायचे. आठ बाय आठचा, बुद्धिबळाच्या पटाएवढा चौकोन तयार होतो, आणि तो डावीकडून, उजवीकडून, वरून खाली, खालून वर कसाही वाचला तरी तोच श्लोक मिळतो. युद्धात सैन्याचे व्यूह रचतात, तसा अक्षरांचा व्यूह. शत्रू कुठूनही आला तरी समोर तीच फळी.

रोमन लोकांचाही पाच बाय पाचचा असा चौकोन पाँपेईच्या भिंतीवर सापडला आहे, म्हणजे तो इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीआधीचा. पण त्यात पंचवीस अक्षरं. सर्वतोभद्रात चौसष्ट, आणि वर छंद सांभाळून.

नुसतं तेच वाक्य परत मिळणं ही पहिली पायरी. त्याच्या वरची पायरी म्हणजे उलट वाचलं की दुसराच अर्थ निघणं. इथं मला मराठवाड्यात यायचं आहे. परभणी जिल्ह्यातलं पाथरी, जुनं नाव पार्थपूर. आज पाथरी म्हटलं की साईबाबांचं नाव निघतं. सोळाव्या शतकात तिथं एक ज्योतिषी घराणं नांदत होतं. वडील ज्ञानराज, ‘सिद्धान्तसुंदर’ या खगोलग्रंथाचे कर्ते. मुलगा सूर्य, ज्याला दैवज्ञ सूर्यपंडित किंवा सूर्यदास म्हणतात. त्यानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ आणि लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ या टीका लिहिल्या. आणि त्याच माणसानं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ लिहिलं. ४० च्या आत श्लोक. प्रत्येक श्लोकाचा पूर्वार्ध रामाची कथा सांगतो. तीच अक्षरं शेवटाकडून वाचत आलं की उत्तरार्ध तयार होतो आणि तो कृष्णाची कथा सांगतो.

हे करायचं म्हणजे काय, याचा नीट विचार करून पाहा. रामाच्या ओळीतलं प्रत्येक अक्षर ठेवताना त्याला माहीत हवं की हेच अक्षर पलीकडून येताना कृष्णाच्या कुठल्या शब्दात बसणार आहे. संस्कृत सलग लिहिली जाते, संधीमुळे शब्दांच्या कडा हव्या तिथं पाडता येतात, एकेका अक्षराचे शब्द कोशात आहेत, हे सगळं मदतीला धरलं तरी. पुढच्या शतकात कांचीपुरमच्या वेंकटाध्वरीनं ‘राघवयादवीय’ लिहिलं, त्यातही सरळ राम आणि उलट कृष्ण. त्याचा बोलबाला आज जास्त आहे. पाथरीच्या सूर्यपंडिताचं नाव मराठी माणसाला, मराठवाड्यातल्याही, क्वचितच माहीत असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. गोदावरीच्या काठच्या एका गावात बसून एका माणसानं राम आणि कृष्ण एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला एक ओळ नाही.

सूर्यपंडित गणिती होता ही मला निव्वळ योगायोगाची गोष्ट वाटत नाही. अंकांमध्येही हाच खेळ आहे आणि तोही आपल्याकडे जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात (वेरूळचं कैलास लेणं घडवणारं ते हेच घराणं) महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात त्यांनी गुणाकाराची अशी उदाहरणं दिली, ज्यांची उत्तरं गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी येतात. १३९ गुणिले १०९ करा: १५१५१. १५२२०७ ला ७३ नं गुणा: आठ एक ओळीनं, ११११११११. आणि २७९९४६८१ गुणिले ४४१ चं उत्तर १२३४५६५४३२१, जी संख्या ते एकापासून सहापर्यंत चढून क्रमानं उतरणारी म्हणून वर्णन करतात. विद्यार्थ्याला लांबलचक गुणाकार करायला लावायचा आणि शेवटी हातात हार द्यायचा, ही शिक्षकाची माया त्या ग्रंथात दिसते.

या चढत्या-उतरत्या संख्यांना विसाव्या शतकात पुन्हा एक शिक्षकच भेटला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत मास्तर. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकामुळे त्यांचं नाव जगभर गेलं, मार्टिन गार्डनरनं १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं. पण त्यांनी ‘डेम्लो’ संख्याही अभ्यासल्या, आणि १२१, १२३२१, १२३४३२१ ही मालिका त्यांतलीच. नाव पडलं ते जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून, जिथं त्यांना ही कल्पना सुचली. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. रोज लाखो माणसं ज्या फलाटावर उभी असतात, त्या फलाटाच्या जुन्या नावानं जगाच्या गणितात संख्यांचं एक कुटुंब ओळखलं जातं.

या संख्या कशा जन्मतात ते कागदावर करून बघण्यासारखं आहे. ११११ ला ११११ नं गुणा. चार ओळी येतील, सगळ्या ११११, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यांतले एक मोजा: एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. उत्तर १२३४३२१. देवळाच्या शिखरासारखी पायरी-पायरीनं चढलेली आकृती. नऊ एकांपर्यंत हे चालतं, शिखर ९ वर जातं आणि उतरतं. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात. हातचा येतो. तो डावीकडेच सरकतो, उजवीकडे नाही, आणि शिखर कलतं: १२३४५६७९००९८७६५४३२१.

हातचा. शब्दांमध्ये जे काम ऱ्हस्व-दीर्घ करतो, ते अंकांमध्ये हातचा करतो. हे लक्षात आलं तेव्हा मी पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. अकराचा वर्ग १२१, घन १३३१, चौथा घात १४६४१. हे पिंगलाच्या छंदशास्त्रातून आलेल्या मेरुप्रस्ताराचेच थर आहेत. पुढचा थर १, ५, १०, १०, ५, १, तोही दोन्हीकडून सारखाच. पण संख्या म्हणून लिहायला गेलं की दहाचे हातचे सरकतात आणि अकराचा पाचवा घात होतो १६१०५१. थर जुळलेला असतो, लिहिण्याची रीत तो मोडते. चिमाचं झालं तेच.

शाळेत करायचा एक खेळ आहे. कुठलीही संख्या घ्या, ती उलटून तिच्यातच मिळवा. १२३ आणि ३२१, झाले ४४४. हातचा नाही, लगेच जुळलं. ८७ घेतली तर हातचे येतात: १६५, मग ७२६, १३५३, आणि चौथ्या फेरीत ४८८४. पेन्सिल घेऊन बसलेल्या मुलाला ८९ देऊ नका, त्याला २४ फेऱ्या लागतात आणि शेवट ८८१३२०००२३१८८ वर होतो. पण होतो. आणि मग आहे १९६. १९६ आणि ६९१ मिळून ८८७. मग १६७५. मग ७४३६. संगणकांवर ही बेरीज चालवत कोट्यवधी अंकांच्या संख्येपर्यंत माणसं गेली, विलोम संख्या आली नाही. कधीच येणार नाही असंही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. पाचवीच्या मुलाला समजणारा हा प्रश्न अजून उघडा आहे. उलटपक्षी, कुठलीही धन पूर्ण संख्या जास्तीत जास्त तीन विलोम संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते, हे सिल्लेरुएलो, लुका आणि बॅक्स्टर या तिघांनी अलीकडेच सिद्ध केलं. हट्टी १९६ सुद्धा १९१ आणि ५ मिळून होतेच.

अंक सम संख्येत असतील तर विलोम संख्येला ११ नं भाग जातोच. एकाआड एक अंकांची बेरीज दोन्ही बाजूंनी सारखी पडते, म्हणून. ४७७४ ला अकरानं भागा, ४३४ येईल, तीही विलोम.

तारखांचं वेड तर आपण सगळ्यांनी पाहिलं: ०२-०२-२०२०, मग १२-०२-२०२१, मग २२-०२-२०२२. आपण आधी दिवस, मग महिना, मग साल लिहितो. या रीतीनं २००० ते २०९९ मधल्या अशा सगळ्या तारखा फेब्रुवारीतच पडतात, कारण साल ‘२०’नं सुरू होतं आणि त्याचं उलट ‘०२’. महिन्याच्या २९ ही दिवसांना एकेक साल मिळतं. पहिली १०-०२-२००१, शेवटची २९-०२-२०९२, आणि २०९२ हे लीप वर्ष आहे. आता पुढची ०३-०२-२०३०. आणि २००१ च्या आधीची? मी कागदावर शोधत गेलो: १९ वं शतक नाही, १५ वं नाही. थेट २९-११-११९२. तराईच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराज हरला ते साल. मध्ये आठशे आठ वर्षं एकही आठ अंकी विलोम तारीख नाही.

खुद्द आपल्या शरीरातही विलोमपदं आहेत, आणि तिथं ती खेळ म्हणून आलेली नाहीत. डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींसमोर असतात, ए समोर टी, जी समोर सी. जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम घ्या. समोरच्या साखळीवर सी-टी-टी-ए-ए-जी. ती साखळी उलट दिशेनं वाचायची असते, आणि तशी वाचली की पुन्हा जी-ए-ए-टी-टी-सी. ई. कोलाय या जीवाणूजवळ एक विकर आहे, जे नेमका हाच क्रम ओळखतं आणि तिथं शत्रू विषाणूचा डीएनए कापतं. हॅमिल्टन स्मिथ यांनी १९७० मध्ये अशा विकरांवर काम केलं. १९७८ चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना मिळालं. ही कात्री हाती आली म्हणून जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन करून घेता आलं. माझ्या आईच्या फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या कुपीमागे असं एक विलोमपद आहे. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर तर लाखो अक्षरांची प्रचंड विलोमपदं सापडली, २००३ साली. या गुणसूत्राचा बराचसा भाग असा, की दुरुस्तीसाठी पडताळून बघायला त्याला जोडीदार नसतो. तेव्हा विलोमाचा एक अर्धा बिघडला तर दुसऱ्या अर्ध्यावरून तो नीट करून घेता येतो.

सुट्टी संपल्यावर आमच्या जवळच्या एका मराठी शाळेत पाचवीच्या वर्गावर मी एक तास घेतला. ठरलेली वाक्यं सांगायची नाहीत, नवी करायची. फळ्यावर पाच रिकामे चौकोन काढले आणि सांगितलं, मधला आधी भरा, मग दोन्ही हातांनी एकदम बाहेर या. पहिली दहा मिनिटं नुसता गलका. मग पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, “सर, रस!” आणि सगळा वर्ग हसला, आणि हसता हसता दोन-तीन जणांनी बोटांवर मोजलं: स, र, र, स. एकदा ते मोजलं गेलं, मग थांबेचनात. ‘काम का मका?’ ‘नाही ही ना?’ ‘हा चहा हाच हा!’ कोणीतरी मागून कोणाला ढकललं, बाईंनी विचारलं कोण रे, आणि उत्तर आलं, “मी नाही, ना मी!” बाईंसकट सगळे गप्प. मी-ना-ही-ना-मी. तो मुलगाही दचकला होता, त्यानं ते खेळ म्हणून म्हटलंच नव्हतं.

खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला नाही. तास संपल्यावर वही घेऊन आली. पाच चौकोनांत तिनं लिहिलं होतं: ‘नदी ही दीन’. ‘दीन’ हा शब्द प्रार्थनेत येतो, म्हणून माहीत होता म्हणाली. शाळेच्या मागून जो नाला वाहतो तो पूर्वी नदी होता, हे तिला आजोबांनी सांगितलं होतं. वाक्य कुठून सुचलं विचारलं, तर म्हणाली, “ही आधी लिहिलं. मग दोन्हीकडे दी लिहिलं. मग कळलं.”

भाचीचा प्रोग्रॅम मधल्या काळात सुधारला. शब्द अक्षरागणिक तोडून देणारी तयार साधनं मिळतात, त्यांतलं एक तिनं वापरलं आणि ‘नवीन’, ‘सामोसा’, ‘कणिक’ पास झाले. ‘लाल’ नापास झाला आणि तिनं तसा निरोप आजीला पाठवला. ‘मध्यम’ मात्र अडलाच. साधन जुनं होतं, ते जोडाक्षर मधेच तोडत होतं: म, ध्, य, म. ध्य हे एकच अक्षर धरायचं, हे युनिकोडच्या तोडणीच्या नियमांत २०२३ साली आलं. नवी आवृत्ती घातल्यावर ‘मध्यम’ही बसला.

राहिली चिमा. यंत्राचं उत्तर: नाही. चि आणि ची एक नव्हेत. मी तिला फोनवर मोडीबद्दल सांगितलं, जे वर लिहिलं आहे तेच सगळं, शब्द न तोडण्याचं आणि एकाच वेलांटीचं. ती म्हणाली, थांब. रात्री तिनं नवा प्रोग्रॅम पाठवला. त्यात एक छोटं फंक्शन वाढलं होतं. वाक्यातल्या मोकळ्या जागा काढायच्या, सगळ्या वेलांट्या दीर्घ करायच्या, सगळे उकार ऱ्हस्व, आणि मग बोटं फिरवायला सोडायचं. पायथनमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवता येतं. तिनं नाव ठेवलं होतं ‘मोडी’.